मफिनचं पीठ घोटू नये, हे कुठून आलं

मुलांच्या डब्यासाठी फळांचे मफिन करताना दोन सूचना हमखास मिळतात. कोरडे जिन्नस एका भांड्यात आणि ओले दुसऱ्यात कालवा. एकत्र केल्यावर मात्र घोटू नका. असं का, हे फारसं कोणी सांगत नाही. याचं कारण मफिनच्या इतिहासात आहे आणि तो इतिहास बराचसा सोड्याचा आहे.

मूळचा मफिन इंग्लंडचा. आजच्या मफिनशी त्याचं नावापलीकडे फारसं नातं नाही. यीस्ट घालून फुगवलेल्या सैल पिठाचा, तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकलेला तो चपटा पाव होता. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकपुस्तकात त्याची कृती आहे. यीस्टचं पीठ वर यायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळच्या न्याहारीची तयारी बरीच आधी करावी लागे.

यातून सुटका झाली ती अमेरिकेत आणि तीही राखेमुळे. जंगल साफ करून शेतं काढली जात होती, तेव्हा लाकडाची राख मुबलक होती. राख पाण्यात भिजवायची, निवळ आटवायची, उरलेला पोटॅश भाजून शुद्ध करायचा, की मिळे पर्लअ‍ॅश, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. आपल्या पापडखारासारखाच हा अल्कधर्मी क्षार. अमेरिकेचं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युअल हॉपकिन्स यांना मिळालेलं, पोटॅश आणि पर्लअ‍ॅश करण्याच्या पद्धतीचंच होतं. १७९६ मध्ये निघालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात पर्लअ‍ॅश घातलेल्या कृती आहेत. आंबट दूध किंवा काकवीतल्या आम्लाशी हा क्षार भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ लगेच हलकं होतं. दोष एकच: क्षार जास्त झाला तर तो तुपातेलाशी मिळून साबणासारखी चव देतो. आजही सोडा जास्त पडलेल्या मफिनला येणारी चव हीच.

१८४६ मध्ये जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी अमेरिकेत खाण्याच्या सोड्याचा व्यवसाय सुरू केला. सोडा पर्लअ‍ॅशपेक्षा सौम्य, पण त्यालाही आंबट जोडीदार लागतोच, आणि घरच्या आंबट दुधाचा आंबटपणा रोज वेगळा. त्यावरचा उपाय म्हणजे बेकिंग पावडर: सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डब्यात. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये आम्ल म्हणून कॅल्शियम फॉस्फेटचं पेटंट घेतलं. त्याआधी आम्ल म्हणून टार्टर वापरत; द्राक्षाच्या दारूच्या पिंपांत साठणारं हे टार्टर युरोपातून आणावं लागे आणि महाग पडे, म्हणून हा शोध. सुरुवातीला हे फॉस्फेट हाडांपासून काढत. आता ते खनिज दगडापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी घरांनी शंका धरू नये.

पुढे दुहेरी काम करणारी बेकिंग पावडर आली: थोडा वायू ओलं होताच, बाकीचा भट्टीच्या उष्णतेत. तरीही पहिला वायू पीठ भिजताक्षणी सुटू लागतो आणि थांबत नाही. दोन भांडी आहेत ती यासाठी. ओलं-कोरडं शेवटच्या क्षणी भेटवायचं आणि लगेच साच्यात भरायचं. ढोकळ्यात सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घातल्यावर आपण जी घाई करतो, तीच ही.

घोटू नये याचं कारण मात्र वेगळं. मैदा ओला करून हलवला की ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, धागे बनतात. पोळीच्या कणकेला ते हवेच असतात. मफिनमध्ये ते वायूला अडवतात आणि मग वायू वाट काढत वर जातो. असा मफिन उभा कापून पाहा: तळापासून माथ्याकडे जाणारी लांबट, गुळगुळीत भिंतींची बिळं दिसतील, माथा टोकदार आणि बाकीचा भाग चिवट. बरोबर कालवलेलं पीठ खडबडीत, किंचित गुठळ्यांचं दिसतं. रबरी उलथन्याने १० ते १५ वेळा खालून वर घ्यायचं आणि कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं.

छोट्या खळग्यांच्या साच्याचं श्रेय बोस्टनच्या नॅथॅनियल वॉटरमन यांना जातं. त्यांच्या ओतीव लोखंडी साच्याचं पेटंट १८५९ चं आहे. लोफ (मोठा लांबट पाव) भाजायला जवळजवळ तास लागतो, मफिनला २० मिनिटं. सोड्याचा वायू विरण्याआधी मधला भाग पकडून ठेवायला एवढा वेग लागतोच. १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांच्या पुस्तकाने सपाट चमच्याचं माप रूढ केलं. सोड्याच्या बाबतीत शिगोशीग आणि सपाट चमच्यातला फरक म्हणजे साबणाची चव येणं किंवा न येणं.

फळांत ब्लूबेरी आधी रानातूनच येई. न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी तिची लागवड जमवली आणि १९१६ मध्ये पहिला माल विकला. केळ्याचे गोड पाव अमेरिकेत १९३० च्या दशकात घरोघर पोचले. १९८८ मध्ये मिनेसोटाने ब्लूबेरी मफिनला राज्याचा मफिन ठरवलं, तेही कार्लटनच्या तिसरीतल्या मुलांच्या आग्रहावरून. जुन्या कृतींत दोन वाट्या मैद्याला दोन-तीन मोठे चमचे साखर असे. दुकानातले आजचे मफिन चवीने केकच असतात. मुलांच्या न्याहारीसाठी जुनं प्रमाणच चांगलं.

आपल्याकडे सगळ्यात सोपं फळ केळं. १२ मफिनसाठी:

कोरडं: मैदा किंवा निम्मी कणीक घालून २५० ग्रॅम, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा, पाव चमचा मीठ.
ओलं: साल काळी पडू लागलेली ३ केळी कुस्करून (सुमारे ३०० ग्रॅम), ८० ग्रॅम साखर किंवा गुळाची पूड, ८० मिली तेल, १२० मिली घुसळलेलं दही, १ अंडं. अंडं नको असल्यास दही ६० मिली वाढवा.

खळगे पाऊण भरा. आधी तापवलेल्या २०० अंशांच्या ओव्हनमध्ये १८ ते २० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की बाहेर. पाच मिनिटांनी साच्यातून काढा, नाहीतर वाफेने तळ ओला होतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकून १० मिनिटं तापवा आणि मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटं ठेवा. रंग कमी येतो, चव येते.

फळ बदलताना तीन गोष्टी लक्षात असू द्या. जांभूळ किंवा ब्लूबेरी घालायची तर सोडा कमी आणि बेकिंग पावडर जास्त. अल्कधर्मी पिठात त्यांचा जांभळा रंग हिरवट-करडा होतो. कच्चा अननस दही-दुधात घातला तर त्यातलं एन्झाइम प्रथिनं तोडून कडवटपणा आणतं, म्हणून तो आधी शिजवून, निथळून घ्या. चिकूचे तुकडे बुडाला बसत असतील तर पीठ पातळ झालंय. तुकड्यांना मैदा चोळून फारसा फरक पडत नाही, दही दोन चमचे कमी करा. मध घालणार असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला तो मफिन देऊ नका. भाजल्यानेही त्यातले बोट्युलिझमचे (एका गंभीर विषबाधेचे) बीजाणू मरत नाहीत.

फळामुळे हे मफिन बाहेर दोन दिवसच टिकतात. पूर्ण गार झाल्यावर डब्यात बंद करून फ्रीजरमध्ये ठेवले तर महिनाभर चालतात. सकाळी गोठलेलाच डब्यात घाला, मधल्या सुट्टीपर्यंत मऊ होतो.