भिंत कुणाची, सही कुणाची: वस्तीतल्या कलेमागच्या संस्था कशा घडल्या

एखाद्या वस्तीतल्या मोठ्या भित्तिचित्राच्या खालच्या कोपऱ्यात बहुधा नावांची यादी असते. आधी मुख्य चित्रकार, मग त्याचे मदतनीस, मग रंगकामाला आलेली मुलं आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत एका संस्थेचं नाव. भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी त्या संस्थेनं आणलेली असते. परांचीचं भाडं तिनं भरलेलं असतं, आणि ‘आमच्या भिंतीवर हे नको’ म्हणणाऱ्या रहिवाशांसोबत तीन-तीन संध्याकाळी तिचीच माणसं बसलेली असतात. दहा वर्षांनी रंगाचे पोपडे निघू लागले की फोनही तिलाच येतो. ही ना-नफा संस्था चालवणारी माणसं निम्मी कलावंत आणि निम्मी कारकून का असतात, हे कळायला साठेक वर्षं मागे जावं लागतं. जावं लागतं ते मुख्यतः अमेरिकेत, कारण अशा संस्थेचा साचा तिथे पडला.

सार्वजनिक कलेसाठी नागरिकांनी संस्था काढणं ही कल्पना त्याहून जुनी आहे. फिलाडेल्फियात १८७२ साली स्थापन झालेली ‘फेअरमाउंट पार्क आर्ट असोसिएशन’ शहरासाठी शिल्पं मिळवून देत असे. पण कोणतं शिल्प आणायचं, ते ठरवणारे सुखवस्तू नागरिक होते आणि घडवणारे नामांकित शिल्पकार. आसपासच्या रहिवाशांच्या वाट्याला फक्त पाहणं होतं. मेक्सिकोत क्रांतीनंतर, १९२१ साली शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना खुल्या केल्या. दिएगो रिव्हेरा, ओरोस्को आणि सिकेरोस ही नावं त्यातूनच जगभर गेली. महामंदीत अमेरिकी सरकारनंही बेकार चित्रकारांना पगार देऊन शाळा-रुग्णालयांच्या भिंती रंगवून घेतल्या. ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ १९३५ ला सुरू झाला आणि १९४३ मध्ये बंद पडला.

याच काळात भिंतीची मालकी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हेही दिसून आलं. सिकेरोस यांनी १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘अमेरिका ट्रॉपिकल’ रंगवलं. वधस्तंभावर बांधलेला मूलनिवासी माणूस आणि त्याच्या डोक्यावर गरुड. काही वर्षांतच त्यावर पांढरा रंग चढला आणि ते पुन्हा लोकांना पाहता आलं ते २०१२ साली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधलं रिव्हेरा यांचं चित्र तर १९३४ मध्ये फोडूनच टाकलं.

माझ्या मते खरी सुरुवात १९६७ च्या ऑगस्टमधली. शिकागोच्या दक्षिण भागात, त्रेचाळिसावा रस्ता आणि लँगली अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एक मोडकळीला आलेली दुमजली इमारत होती. तिच्या भिंतीवर ‘ऑर्गनायझेशन ऑफ ब्लॅक अमेरिकन कल्चर’च्या कलावंतांनी कृष्णवर्णीय नायक-नायिकांची चित्रं काढली: माल्कम एक्स, मुहम्मद अली, नीना सिमोन, जॉन कोल्ट्रेन, कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ हे तिचं नाव. विल्यम वॉकर हे या कामातले ज्येष्ठ चित्रकार, आणि ती जागाही त्यांनीच सुचवली. त्या रस्त्यावर त्यांची ओळख होती, आणि आधी वस्तीशी बोलायचं, मग ब्रश उचलायचा, ही त्यांची रीत होती. चित्र होताच तिथे कविसंमेलनं झाली, सभा झाल्या, लोक लांबून यायला लागले.

पण त्याच भिंतीनं पुढच्या सगळ्यांना प्रश्नही देऊन ठेवले. मूळ चित्राचा एक भाग काही काळातच पुसून दुसऱ्यानं नव्यानं रंगवला. हा अधिकार कुणाचा, यावरून कलावंतांमध्ये कायमची कटुता आली. इमारत ना त्यांच्या मालकीची होती, ना वस्तीच्या. १९७१ मध्ये तिथे आग लागली, पुढे ती इमारत पाडली गेली आणि वस्तीनं आपली म्हणून जपलेली भिंत गेली. करार नव्हता, देखभालीचा निधी नव्हता, जबाबदार असं कुणी नव्हतं. वॉकर आणि जॉन पिटमन वेबर यांनी १९७० साली ‘शिकागो म्यूरल ग्रुप’ उभा केला. पुढे तोच ‘शिकागो पब्लिक आर्ट ग्रुप’ झाला. सुट्या उत्साहाला पत्ता आणि बँकेतलं खातं मिळालं ते असं.

पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसमध्ये, चित्रकार ज्युडी बाका हेच वेगळ्या वाटेनं शिकत होत्या. १९७० साली त्यांनी एकमेकांशी वैर असलेल्या चार टोळ्यांमधली वीस मुलं एकत्र आणून बागेतल्या रंगमंचावर एका आजीचं चित्र काढून घेतलं. पुढे त्यांनी शहराचा भित्तिचित्र उपक्रम चालवला, पण चित्रात काय असावं यावर नगरसभेच्या हरकती येऊ लागल्या. पैसा शहराचा असला की विषयावरही शहराचा हात येतो, हे ओळखून बाका, क्रिस्टिना श्लेसिंगर आणि डॉना डाइच यांनी १९७६ मध्ये ‘सोशल अँड पब्लिक आर्ट रिसोर्स सेंटर’ ही स्वतंत्र संस्था काढली. तिचं कार्यालय लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातल्या जुन्या पोलीस ठाण्यात थाटलं.

त्याच वर्षी टुहुंगा वॉश या पुराच्या कालव्याच्या काँक्रीट भिंतीवर ‘ग्रेट वॉल’ सुरू झाली. पाच उन्हाळे काम चाललं, शेवटचा उन्हाळा १९८३ चा. चारशेहून अधिक मुलांनी २,७५४ फूट लांबीची भिंत रंगवली, म्हणजे सुमारे ८४० मीटर. कॅलिफोर्नियाचा इतिहास, पण मूलनिवासी, स्थलांतरित आणि अल्पसंख्याकांच्या बाजूनं सांगितलेला. मला या कामातल्या चित्रकलेइतकंच त्याचं व्यवस्थापन थक्क करतं. मुलांना मजुरी द्यायची, इतिहासकारांना बोलवायचं, आणि उघड्या कालव्याच्या तळाशी उभं राहून पावसाळ्याआधी त्या वर्षीचा भाग संपवायचा.

मजुरीचा पैसा कुठून आला, हे या गोष्टीतलं कमी सांगितलं जाणारं पान आहे. १९७३ च्या ‘सीटा’ या रोजगार कायद्याखाली केंद्राचा पैसा शहरांना मिळाला आणि देशभरात हजारो कलावंत पगारावर आले. दुसरीकडे, १९६५ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ या केंद्राच्या कला-अनुदान संस्थेचं अनुदान गटाला हवं असेल, तर तो गट करमाफी असलेली ना-नफा संस्था असावा लागे. म्हणून घटना लिहिली गेली, विश्वस्त मंडळ नेमलं गेलं, हिशेब तपासनीस आले. विश्वस्त बहुधा बिनपगारी, संचालक पगारी, आणि संचालक म्हणजे तोच जो काल शिडीवर होता. सॅन फ्रान्सिस्कोत सुझन आणि लुईस सर्व्हान्टेस या दांपत्यानं १९७७ मध्ये ‘प्रिसिता आइज’ काढली, तीही चित्रकारांनीच चालवलेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सीटा’ संपलं, तेव्हा ज्या गटांकडे अशी नोंदणीकृत चौकट होती त्यांना दुसरीकडे अर्ज करण्याची सोय तरी उरली.

फिलाडेल्फियाची कथा उलट्या टोकानं सुरू होते. महापौर विल्सन गूड यांनी १९८४ मध्ये भिंती रंगवून खराब करणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी एक मोहीम काढली. चित्रकार जेन गोल्डन यांना त्यात घेतलं गेलं. याच पोरांच्या हातात कसब आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्यांना भित्तिचित्रांकडे वळवलं. १९९६ मध्ये त्यातून स्वतंत्र ‘म्यूरल आर्ट्स’ उपक्रम झाला. शहर प्रशासनाचा विभाग आणि देणग्या जमवणारी ना-नफा संस्था अशी त्याची दुहेरी रचना आहे. आज त्याच्या नावावर चार हजारांहून अधिक कामं आहेत. तिथे रुळलेली एक युक्ती सांगायलाच हवी: चित्र पातळ कापडाच्या चौकोनांवर आखायचं, प्रत्येक भागाला रंगाचा आकडा द्यायचा, आणि हे चौकोन शाळेत, वृद्धाश्रमात, तुरुंगात रंगवायला न्यायचे. नंतर ते भिंतीवर चिकटवायचे. परांचीवर चढू न शकणाऱ्याचाही हात त्यामुळे भिंतीला लागतो.

लोकांना न विचारण्याची किंमत काय असते, ते दुसऱ्या एका वादानं दाखवलं. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १९८१ साली रिचर्ड सेरा यांची ‘टिल्टेड आर्क’ ही १२० फूट लांब पोलादी भिंत उभी राहिली. तिथे रोज येणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती वाटेतला अडथळा वाटली. जाहीर सुनावणी झाली, खटला झाला आणि १९८९ मध्ये ती कापून हलवली. पुढच्याच वर्षी, १९९० साली, कलावंताच्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क देणारा कायदाही आला. न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ इमारतीवरची चित्रं मालकानं २०१३ मध्ये रातोरात पुसली, तेव्हा याच कायद्याच्या आधारे २१ कलावंतांना ६७.५ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. रहिवाशांच्या बैठका आणि चित्रकाराशी करार, ही आजच्या संस्थांची दोन रोजची कामं या दोन बाजूंनी आली आहेत.

१९९६ मध्ये केंद्रीय कला अनुदानाला सुमारे ४० टक्के कात्री लागली आणि एकेकट्या कलावंतांना मिळणारी बहुतेक मदत बंद झाली. तेव्हापासून खासगी प्रतिष्ठानांकडे जाणं वाढलं. बाकांच्या संस्थेला २०२१ मध्ये मेलन फाउंडेशनकडून ५० लाख डॉलर मिळाले, ते ‘ग्रेट वॉल’ पुढे नेण्यासाठी. १९८३ च्या उन्हाळ्यात ती भिंत १९५० च्या दशकापर्यंत पोहोचली होती. आता १९६० नंतरची दशकं रंगवायची आहेत, म्हणजे ज्या वर्षांत असे गट जन्माला आले तीही त्या भिंतीवर येतील.