पिटुनियाचे बी मातीखाली का रुजत नाही?

ऑक्टोबर लागला की हंगामी फुलांच्या बियांची पाकिटे घरोघरी येतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी ‘बी खराब निघाले, एकही रोप उगवले नाही’ ही तक्रार ऐकू येते. पिटुनियाच्या बाबतीत एके वर्षी मीही असेच म्हटले होते. मेथी-कोथिंबीर पेरताना शिकलेला नियम, म्हणजे बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरून वर मातीचा थर द्यायचा, मी गॅलरीतल्या ट्रेलाही लावला होता. पाकिटात उरलेले बी नंतर ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) नुसतेच भुरभुरले, वर काहीही घातले नाही, आणि नवव्या दिवशी ट्रे हिरव्या ठिपक्यांनी भरून गेला. बी उत्तम होते. त्याला उजेड मिळाला नव्हता.

पिटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेतली, वांगे, टोमॅटो आणि तंबाखू यांच्या कुळातली. बागेतली पिटुनिया हा तिथल्या पांढऱ्या आणि जांभळ्या रानजातींचा एकोणिसाव्या शतकात युरोपात झालेला संकर आहे. तिच्या एक ग्रॅम बियांत जवळपास 10 हजार दाणे असतात. वालाच्या बीजात अंकुराला मातीतून वर येईपर्यंत पुरेल एवढी शिदोरी असते. पिटुनियाच्या कणात ती काही मिलिमीटरच्या प्रवासापुरतीच असते. एक सेंटिमीटर खोलीवर ती रुजली, तर पृष्ठभाग गाठण्यापूर्वीच मरेल. त्यामुळे डोक्यावर उजेड आहे की माती, हे तिला रुजण्याआधीच कळावे लागते.

ते कसे कळते, याचे उत्तर अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी कृषी संशोधन केंद्रात 1952 साली मिळाले, आणि वनस्पतिशास्त्रातला इतका देखणा प्रयोग मला दुसरा माहीत नाही. हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसचे ओले बी अंधारात ठेवून त्यावर मिनिटभर तांबडा प्रकाश टाकला, तेव्हा सुमारे 70 टक्के बी रुजले. तांबड्यानंतर लगेच, डोळ्यांना जेमतेम दिसणारा त्याच्या पलीकडचा प्रकाश, ज्याला आपण दूर-तांबडा म्हणू, चार मिनिटे दिला, तेव्हा उगवण 6-7 टक्क्यांवर घसरली. पुन्हा तांबडा दिल्यावर ती पूर्ववत झाली. आलटूनपालटून कितीही वेळा प्रकाश दिला, तरी बी शेवटच्या प्रकाशाचेच ऐकत होते.

याचा अर्थ बियांत एकच रंगद्रव्य दोन रूपांत असले पाहिजे आणि प्रकाशाने ही रूपे एकमेकांत बदलत असली पाहिजेत. या रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले. त्याचे निष्क्रिय रूप सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शोषून सक्रिय होते, तर सक्रिय रूप 730 नॅनोमीटरच्या आसपासचा दूर-तांबडा प्रकाश शोषून पुन्हा निष्क्रिय होते. सक्रिय फायटोक्रोम पेशीकेंद्रात शिरते आणि रुजण्याला अडवून धरणाऱ्या एका प्रथिनाचा नाश घडवून आणते. त्यामुळे बीजाला झोपवून ठेवणारे अब्सिसिक आम्ल घटते, उगवणीला चालना देणारे जिबरेलिन हे संप्रेरक वाढते, अंकुराभोवतीचे आवरण मऊ पडते आणि मूळ बाहेर येते. हे सारे बी पाणी पिऊन फुगल्यावरच घडते. पाकिटातल्या कोरड्या बीला ऊन दाखवून उपयोग नसतो. शिवाय अंधारात सक्रिय रूप हळूहळू आपोआप निष्क्रिय होते, आणि उष्णता वाढली की हा बदल वेगाने होतो. फायटोक्रोम वनस्पतीचा तापमापकही आहे, हे 2016 साली याच वेगावरून दाखवले गेले.

आता गॅलरीकडे वळू. मोकळ्या उन्हात तांबडा आणि दूर-तांबडा प्रकाश जवळपास सारख्या प्रमाणात असतो. पानांतले हरितद्रव्य मात्र तांबडा शोषून घेते आणि दूर-तांबडा जवळजवळ तसाच पलीकडे जाऊ देते. म्हणून भिंतीची सावली आणि पानांची सावली आपल्या डोळ्यांना सारखीच वाटली, तरी बीजाच्या दृष्टीने त्या सर्वस्वी वेगळ्या असतात. भिंत सगळेच रंग कमी करते. पाने मात्र ‘वर दुसरे झाड आहे, थांब’ असा निरोप देतात. पेरलेला ट्रे मनीप्लँटच्या वेलाखाली ठेवण्यापेक्षा भिंतीशी, उजळ पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवावा, तो यासाठी.

सगळ्या फुलांना हा नियम लागू नाही. स्नॅपड्रॅगन, लोबेलिया, बिगोनिया यांचे बारीक बी वरच ठेवावे. फ्लॉक्सचे बी मात्र झाकलेले बरे.

बियांच्या याच बाजारात ‘निळ्या गुलाबाचे बी’ही विकले जाते, त्याविषयी स्पष्टच सांगायला हवे: ती फसवणूक आहे. निळ्या छटेसाठी लागणारे डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात तयारच होत नाही. दुसऱ्या वनस्पतीचे जनुक घालून घडवलेला गुलाब 2009 साली जपानमध्ये विक्रीला आला, तोही फिकट जांभळाच होता. पाकिटावरचे रंगवलेले छायाचित्र जनुके बदलू शकत नाही.

पिटुनियासाठी चाळलेले कोकोपीट आणि थोडे गांडूळखत आधी पूर्ण भिजवावे, बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून वर पसरावे आणि बोटांनी हलके दाबावे. वरून पाणी घातल्यास बी वाहून खोल जाते, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून ओलावा खालून चढू द्यावा. वर पारदर्शक झाकण ठेवावे आणि तापमान 22 ते 25 अंशांच्या आसपास राखावे. कोंब दिसताच झाकण काढावे, नाहीतर बुरशीने रोपांच्या माना मोडतात. रोपे वर आल्यावरही फायटोक्रोमचे काम सुरूच असते: इतर कुंड्यांच्या पानांआड राहिलेली रोपे उजेडाच्या शोधात लांबट व फिकट होतात, तर मोकळ्या उजेडातली बुटकी आणि दणकट राहतात, आणि चार-सहा पाने आली की कुंडीत हलवण्यासाठी अशीच रोपे निवडावीत.