थरारपट, मानसशास्त्रीय (आस्वाद)

संकट बाहेरच्या शत्रूकडून कमी आणि पात्राच्या, क्वचित प्रेक्षकाच्याही, मनातून अधिक उद्भवते, असा चित्रपटप्रकार. रहस्यपटात गुन्हेगार सापडला की मन निवते. मानसशास्त्रीय थरारपटात उलगडा झाल्यावरही अस्वस्थता उरते आणि कित्येकदा उलगड्यामुळेच ती वाढते. ही अस्वस्थता कशी रचली गेली हे ओळखणे, हा या प्रकाराच्या आस्वादाचा गाभा होय.

कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांतून ‘चकवा लागणे’ हा शब्दप्रयोग आजही ऐकू येतो. रोजच्या पायाखालच्या वाटेवर माणूस रात्री भरकटतो, फिरून फिरून त्याच बांधाशी येतो आणि उजाडल्यावर त्याला कळते, की आपण वस्तीपासून हाकेच्या अंतरावरच होतो. मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात विलक्षण भयाचे मूळ नेमके अशा अनुभवात शोधले आहे. जे घरचे, परिचयाचे होते तेच परके होऊन समोर आले, की माणूस सर्वाधिक बिचकतो, असे त्यांचे प्रतिपादन असून, इटलीतील एका गावात आपण नको असलेल्या गल्लीतून निघून जाऊ पाहत असता तीनदा तेथेच कसे पोहोचलो, हा स्वानुभवही त्यांनी नोंदविला आहे. त्यांना चकवाच लागला होता, असे म्हणायला हरकत नाही.

भारतीय रसविचारात भय हा भयानक रसाचा स्थायिभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली कायमची भावना, मानला जातो. नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी रसप्रक्रिया, म्हणजे प्रेक्षकाला रसाचा अनुभव कसा येतो हे, स्पष्ट करताना शाकुंतलातील, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून वळवून मागे पाहत धावणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. तेथे प्रेक्षकाला जाणवणारे भय ना त्या हरणाचे असते ना प्रेक्षकाचे स्वतःचे. देश-काल-व्यक्ती यांपासून सुटलेले असल्यामुळेच ते आस्वाद्य होते. मानसशास्त्रीय थरारपट हे अंतर जाणूनबुजून कमी करतो. कोणाच्या डोळ्यांनी आपण पाहत आहोत याचीच खात्री वाटेनाशी झाली, की प्रेक्षकाला तटस्थ राहता येत नाही. तरीही खुर्ची सोडून पळावेसे वाटू नये इतके अंतर दिग्दर्शकाला राखावेच लागते. या तोलावरच चित्रपटाची खरी परीक्षा होते.

हा तोल साधण्याच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. ‘गॅसलाइट’ (१९४४) या चित्रपटात घरातील गॅसचे दिवे आपोआप मंदावतात आणि हा केवळ तुझा भ्रम आहे, असे पती पत्नीच्या मनावर बिंबवत राहतो. तिचे म्हणणे खरे असल्याचा संशय प्रेक्षकाला लवकरच येतो आणि तिला सावध करता येत नाही, याची घुसमट तो सोसतो. ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ (१९२०) या जर्मन मूकपटात फसतो तो प्रेक्षकच, कारण कथा सांगणारा स्वतः मनोरुग्णालयातील रुग्ण असल्याचे शेवटी उघड होते. त्यातील तिरक्या भिंती आणि सावल्यासुद्धा रंगवलेल्या होत्या.

त्याच १९२० मध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर हेही नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवूनच चित्रपटाकडे वळले होते. ‘सैरंध्री’तील कीचकवध इतका भीषण उतरला, की आक्षेप येऊन ते दृश्य पुढे वगळावे लागले. ते भय डोळ्यांना थेट दिसणारे होते. याउलट, त्यांच्याच ‘सावकारी पाश’च्या १९३६ मधील बोलपटात अंधुक प्रकाशातली एक उदास झोपडी आणि त्या दृश्यावर ऐकू येणारे कुत्र्याचे रडणे, एवढेच दृश्य निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांच्या कायमचे स्मरणात राहिले. ‘सावकारी पाश’ ही शेतकऱ्याच्या कर्जाची कथा आहे, तो थरारपट नव्हे; पण कुत्रे रडणे अशुभ मानणाऱ्या प्रेक्षकाला त्या आवाजातून जे कळते, ते दाखवून कळले नसते. या प्रकाराचा आस्वाद घेऊ इच्छिणाऱ्याने आधी कान उघडे ठेवावेत, हे प्रस्तुत लेखकाचे मत त्या झोपडीवरून बनले आहे.

असा चित्रपट दुसऱ्यांदा पाहणे ही चैन नसून आस्वादाचाच भाग आहे. पहिल्या वेळी प्रेक्षक वाट चुकतो. दुसऱ्या वेळी आपण कोणत्या वळणावर चुकलो हे तो पाहतो. खुणा तेथे आधीपासूनच असतील तर चित्रपट प्रामाणिक ठरतो, आणि त्या केवळ शेवटच्या धक्क्यासाठी लपवल्या असतील तर त्याची फसवेगिरी उघडी पडते.

पाहण्याची रीतही महत्त्वाची आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘सायको’च्या (१९६०) वेळी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा आग्रह धरला होता. आपल्याकडे मध्यंतराची प्रथा आहे. मध्यंतर गृहीत धरून लिहिलेल्या पटकथेला त्याची बाधा होत नाही. पण सलग पाहण्यासाठी घडवलेला विदेशी चित्रपट मध्येच तोडून दिवे लावले, की तासभर साठवलेला ताण वडापावच्या रांगेत विरून जातो. कोल्हापुरात शाहू स्मारक भवनात फिल्म सोसायटीचे खेळ होत आले आहेत. अशा ठिकाणी चित्रपट अखंड पाहून, श्रेयनामावली संपेपर्यंत बसून राहणाऱ्या आणि मग चहाच्या गाडीवर शेवटाचा अर्थ लावत वाद घालणाऱ्या प्रेक्षकाला हा प्रकार अधिक उमगतो.