घोड्याची चाल आणि मुलाचा तोल

घोड्यावर बसवले की स्वमग्न मूल बोलू लागते, पायांवर उभे न राहणारे मूल चालू लागते, अशा आशयाचे मथळे आणि चित्रफिती अधूनमधून फिरत असतात. त्या पाहून पालकांच्या मनात जी आशा जागी होते ती मी समजू शकतो, आणि म्हणूनच अशा मथळ्यांचा मला राग येतो. या उपचारामागे एक अतिशय देखणे यंत्रशास्त्र आहे आणि चमत्काराच्या गोष्टीत नेमके तेच झाकले जाते.

या पद्धतीचे रूढ नाव हिप्पोथेरपी. ‘हिप्पोस’ म्हणजे ग्रीक भाषेत घोडा. मराठीत कोणी तिला अश्वचिकित्सा म्हणतात, पण तो शब्द घोड्यांच्या वैद्यकाचा आहे. ‘अश्वसाहाय्यित उपचार’ हे नाव अधिक नेमके ठरेल. यात मुलाला घोडेस्वारी शिकवायची नसते. लगाम बहुधा मुलाच्या हाती नसतोच. घोडा एक जण धरून चालवतो, दोन्ही बाजूंनी दोन जण मुलाला सांभाळत चालतात, आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) किंवा व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञ घोड्याच्या हालचालीचा साधन म्हणून वापर करतो. स्वारी शिकवणारे उपक्रमही असतात आणि तेही उपयुक्त असू शकतात, मात्र ती वेगळी गोष्ट आहे.

मेंदूच्या विकासातच फरक पडल्यामुळे ज्या मुलांच्या हालचाली अडखळतात, त्यांच्यासाठी हा उपचार वापरला जातो. त्यांत सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडण्याची अवस्था, असलेली मुले येतात, स्वमग्न मुले येतात, आणि विकासात्मक समन्वय विकार असलेली मुलेही येतात. या शेवटच्या गटाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चेंडू झेलता येत नाही, जिना उतरताना कठडा सुटत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, आणि आजूबाजूचे लोक मुलाला धांदरट किंवा आळशी ठरवून मोकळे होतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेनुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ५ ते ६ टक्के आहे.

आता घोड्याच्या चालीकडे वळू. त्याआधी एक छोटासा प्रयोग करावा. दोन्ही तळहात कमरेच्या हाडांवर ठेवून नेहमीच्या वेगाने वीस-पंचवीस पावले चाला. डावा पाय उचलला की कमरेची डावी बाजू किंचित खाली जाते आणि पुढे वळते. पाय टेकला की ती वर येते आणि उजवी बाजू खाली जाते. याखेरीज प्रत्येक पावलागणिक अख्खी कंबर एकदा वर-खाली होते आणि किंचित पुढे-मागे झुलते. म्हणजे डाव्या-उजव्या पावलांच्या एका जोडीत शरीर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन एकदाच परत येते, पण वर-खाली मात्र दोनदा होते. समोरून पाहिले तर कमरेचा मध्यबिंदू हवेत साधारण आडवा पडलेला इंग्रजी आठचा आकडा काढत असतो.

घोडा दुडकी किंवा भरधाव न धावता साधा चालतो, तेव्हा त्याचे चारही खूर एकामागून एक पडतात आणि चार वेगवेगळ्या टापा ऐकू येतात. मागचा डावा पाय हवेत पुढे येताना त्याच्या पाठीची डावी बाजू खचते, आणि पाठीवर मांड टाकून बसलेल्याची डावी कंबर खाली आणि पुढे जाते. पाय जमिनीला रेटा देतो तेव्हा स्वार पुढे आणि वर ढकलला जातो. मागच्या उजव्या पायाच्या वेळी हेच दुसऱ्या बाजूने घडते. माणसाच्या कमरेचे जे एकास दोन असे गणित, तेच इथेही आढळते. घोड्याच्या मागच्या पायांच्या अशा जोड्या मिनिटाला सुमारे ५० ते ६० होतात आणि प्रौढ माणसाच्या चालण्याची लयही साधारण तेवढीच असते. स्नायू कडक असल्यामुळे ज्या मुलाला स्वतःच्या पायांनी कधी मोकळे चालता आलेले नाही, त्याच्या कमरेला चालण्याचा हा अनुभव घोड्याच्या पाठीवर मिळतो. मिनिटाला शंभर पावले धरली तर अर्ध्या तासात ही हालचाल ३,००० वेळा होते. एवढी आवर्तने हाताने करवून घेणे कोणत्याही उपचारतज्ज्ञाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

परंतु कंबर हलली म्हणजे काम झाले असे नव्हे. हलत्या कमरेवर धड आणि मान सरळ ठेवायची असते आणि खरी शिकवण तिथेच आहे. आतल्या कानात एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात; त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि पुढे, मागे, वर, खाली बसणारा धक्का ते टिपतात. स्नायूंमधील संवेदक त्यांच्या ताणाची खबर देतात. या सगळ्या बातम्या मेंदूपर्यंत पोहोचून धडाला सावरण्याची आज्ञा निघेपर्यंत सेकंदाचा सुमारे दहावा भाग उलटलेला असतो. सुरुवातीला म्हणूनच मूल प्रत्येक टापेला उशिरा सावरते. मान मागे राहते, मग झटक्याने पुढे येते. पण लय ठरावीक असल्यामुळे लहान मेंदूला, म्हणजे मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातील अनुमस्तिष्काला, पुढचा धक्का केव्हा येणार याचा अंदाज बांधता येतो, आणि स्नायू धक्क्याच्या आधीच तयार होऊ लागतात. तोल जाण्याआधी तो सावरण्याची ही पूर्वतयारी हालचालींत अडखळणाऱ्या मुलांत बहुधा कच्ची असते. एकदा लय अंगवळणी पडली की तज्ज्ञ ती मुद्दाम मोडतो: घोडा थांबवतो, वर्तुळात वळवतो, त्याची पावले लांबवतो, मुलाला शेपटीकडे तोंड करून बसवतो किंवा हात वर करायला सांगतो. प्रत्येक बदलाबरोबर लहान मेंदूचा अंदाज चुकतो, आणि त्या चुकीतूनच तो सुधारतो.

चाल महत्त्वाची की नुसते पाय फाकून बसणे, हा प्रश्न २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तपासला गेला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या १५ मुलांपैकी काही जणांना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर आणि बाकीच्यांना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर बसवले. शरीराच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कामातील असमतोल घोड्यावर बसलेल्या मुलांत कमी झाला, पिंपावरच्या मुलांत तसा फरक पडला नाही.

घोड्याच्या हृदयाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र मुलाला बरे करते, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. हृदयाच्या विद्युत प्रवाहांमुळे असे क्षेत्र निर्माण होते हे खरे, पण छातीजवळ मोजलेले माणसाच्या हृदयाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दहा लाखांश असते. घोड्याचे हृदय कितीही मोठे असले तरी ज्या पृथ्वीवर आपण अहोरात्र वावरतो तिच्या क्षेत्रापुढे त्याची मातब्बरी नाही. आजारी मुलाच्या आईवडिलांना असल्या गोष्टी विकणे मला अक्षम्य वाटते.

पुराव्यांचे चित्र संमिश्र आहे. ऑस्ट्रेलियात सेरेब्रल पाल्सी असलेल्या ९९ मुलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा आठवड्यांच्या घोडेस्वारीनंतर उभे राहणे, चालणे अशा स्थूल हालचालींत नियंत्रण गटापेक्षा (तुलनेसाठी ठेवलेल्या, स्वारी न करणाऱ्या मुलांपेक्षा) लक्षणीय फरक आढळला नाही. कोरियातील ९२ मुलांच्या २०१५ च्या चाचणीत मात्र आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, असा आठ आठवडे उपचार केल्यावर घरी व्यायाम करणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. पहिली चाचणी स्वारीची होती आणि दुसरी हिप्पोथेरपीची, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, जरी तेवढ्यावरून निवाडा होत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, ६ ते १६ वर्षांच्या १२७ स्वमग्न मुलांच्या अमेरिकी चाचणीत नियंत्रण गटालाही पागेतच नेले, घोड्यांविषयी शिकवले, फक्त घोड्याला हात लावू दिला नाही. तिथे स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली व संवाद सुधारला. हा लाभ मोलाचा आहे, पण तो तोलाचा किंवा स्नायूंचा लाभ म्हणून खपवू नये.

काही मुलांना घोड्यावर बसवणे धोक्याचे असते. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके कधी कधी सैल असतात, तेव्हा चालीचे हादरे मज्जारज्जूला इजा करू शकतात. निखळलेले खुबे किंवा आटोक्यात नसलेले फेफऱ्याचे झटके असतील तरीही वैद्यकीय तपासणीवाचून पुढे जाऊ नये.

तपासणी घोड्याचीही व्हावी लागते. त्याचा एक पाय जरी दुखत असला तरी तो त्या पायावर कमी भार टाकतो, पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त खचते, आणि ते लंगडेपण जसेच्या तसे मुलाच्या कमरेत उतरते. अर्ध्या तासात ३,००० वेळा. म्हणून मुलाला वर चढवण्याआधी घोड्याला मोकळ्या पाठीने कठीण, सपाट जमिनीवर चालवून पाहतात, आणि त्या वेळी तज्ज्ञाचे कान चार टापांमधल्या अंतराकडे लागलेले असतात.