‘अ रेझिन इन द सन’च्या मागचं खरं घर

१९३७ साली कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने शिकागोच्या दक्षिण भागात, ऱ्होड्स अव्हेन्यूवर घर घेतलं. वस्ती गोऱ्यांची. कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही, असा तिथल्या घरमालकांचा आपसांत लेखी करार होता. कुटुंब राहायला आलं आणि दाराशी जमाव जमला. फेकलेला एक दगड त्यांच्या लहानग्या मुलीला, पुढे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक लिहिणाऱ्या लॉरेनला, लागता लागता राहिला. वडील कोर्टात लढत होते, तेव्हा आई भरलेलं पिस्तूल घेऊन रात्रभर घरात पहारा द्यायची.

१९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हॅन्सबेरी जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. आधीच्या एका दाव्याचा निकाल त्यांच्यावर बंधनकारक नाही, एवढंच ठरलं. करारांना धक्का लागला नाही. असे करार कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडलं. तोवर कार्ल वारले होते. देश सोडून मेक्सिकोत स्थायिक व्हायच्या तयारीत असताना, १९४६ मध्ये, तिथेच त्यांचं निधन झालं.

लॉरेन हॅन्सबेरीने पुढे हे नाटक लिहिलं तेव्हा घरच्या सुस्थितीतल्या माणसांऐवजी हातावर पोट असलेलं यंगर कुटुंब उभं केलं. मुलगा वॉल्टर ली ड्रायव्हर, सून आणि आई लोकांच्या घरी कामाला, आणि वडिलांच्या विम्याचे येणारे १०,००० डॉलर. त्यातून आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. जमाव रंगमंचावर येतच नाही. येतो तो त्या वस्तीतल्या गोऱ्यांचा प्रतिनिधी कार्ल लिंडनर: सूट घातलेला, हातात हॅट आणि ब्रीफकेस, बोलणं अगदी अदबीचं. तुम्ही येऊ नका, घर आम्ही जास्त पैसे देऊन परत घेतो, एवढंच त्याचं म्हणणं. हा माणूस खलनायकी ढंगात वठवला की प्रवेशातली धार जाते, असं मला ठामपणे वाटतं. ज्या सभ्य कागदांशी हॅन्सबेरी कुटुंब झगडलं, त्यांचीच भाषा तो बोलतो.

निर्मात्याला पैसा उभा करायला वर्षाहून अधिक काळ लागला. ११ मार्च १९५९ रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, पहिला प्रयोग झाला. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं ते तिथलं पहिलं नाटक. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्सही कृष्णवर्णीय. प्रयोग ५३० झाले. त्यातले कलाकार सिडनी प्वातिए आणि रूबी डी तयार झाले होते ‘अमेरिकन निग्रो थिएटर’मध्ये. १९४० साली हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सुरू झालेली ही संस्था वाचनालयाच्या तळघरात नाटकं करायची. म्हणून वस्तीतली हौशी मंडळी आज हे नाटक करतात, ते मला अगदी स्वाभाविक वाटतं.

तालमीआधी संहिता मात्र नीट पाहून घ्यावी. मूळ प्रयोगात शेजारीण मिसेस जॉन्सनचा प्रवेश कापला होता. नंतरच्या आवृत्त्यांत तो परत आला. कृष्णवर्णीयांच्या घरावर झालेल्या बॉम्बहल्ल्याची बातमी असलेलं वर्तमानपत्र घेऊन ती येते. हा प्रवेश ठेवला, तर यंगर कुटुंब काय पत्करून त्या घरात जातंय, ते प्रेक्षकाला नेमकं कळतं.