स्पीडवे : व्यावसायिक स्वाराची कारकीर्द

स्पीडवे हा सपाट, लंबवर्तुळाकार आणि कच्च्या धावपट्टीवर होणारा मोटारसायकल शर्यतीचा प्रकार आहे. एका शर्यतीत चार स्वार असतात आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. जेमतेम मिनिटभरात शर्यत संपते. पहिल्या तिघांना अनुक्रमे ३, २ व १ गुण मिळतात, तर चौथ्याला काहीच मिळत नाही. ५०० घन सेंमी. क्षमतेच्या एक-सिलिंडर इंजिनाची ही मोटारसायकल मिथेनॉलवर चालते. तिला एकच गिअर असतो आणि ब्रेक अजिबात नसतो. वेग आवरायचा तो मागचे चाक बाहेरच्या बाजूला घसरवूनच. त्यासाठी स्वार पोलादी तळ असलेला डावा बूट जमिनीवर टेकवतो आणि पुढचे चाक वळणाच्या विरुद्ध दिशेला धरून संपूर्ण वळण तिरक्या अवस्थेतच पार करतो. शर्यतीच्या आरंभी आडव्या ताणलेल्या फिती वर उचलल्या जाताच क्लच सोडण्याचा क्षण अचूक साधणे याला या खेळात असामान्य महत्त्व आहे, कारण पहिल्या वळणावर पुढे गेलेल्याला मागून गाठताना त्याच्या चाकाने उडवलेली माती तोंडावर घ्यावी लागते.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे १९२३ मध्ये झालेल्या शर्यतींपासून या खेळाचा इतिहास सामान्यतः मोजला जातो. १९२८ मध्ये तो इंग्लंडमध्ये पोहोचला आणि तेथे संघांच्या लीग सुरू झाल्यावर स्वाराला नियमित उत्पन्नाचा मार्ग मिळाला. लीगच्या सामन्यातील प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार उतरतात, आणि मानधन मुख्यतः मिळवलेल्या गुणांवर ठरते. मोटारसायकली, त्यांची देखभाल आणि मेकॅनिक यांचा भार बहुधा स्वारावरच असतो. म्हणजे तो क्लबचा खेळाडू असला तरी व्यवहारात स्वतःचा एक लहानसा धंदाच चालवत असतो. आजचा अव्वल स्वार एकाच हंगामात पोलंड, स्वीडन, डेन्मार्क अशा वेगवेगळ्या देशांतील संघांकडून खेळतो आणि आठवड्यातील कित्येक तास व्हॅनमध्ये किंवा विमानात घालवतो. धोकाही कायमचाच. २०१५ मध्ये पोलंडमधील झेलोना गुरा येथील अपघातात पाठीच्या कण्याला इजा होऊन ऑस्ट्रेलियाच्या डार्सी वॉर्डची कारकीर्द वयाच्या २३व्या वर्षी संपली.

या व्यवसायाची घडण ज्याच्या कारकिर्दीत सर्वांत स्पष्ट दिसते, तो स्वार म्हणजे न्यूझीलंडचा आयव्हन मेजर (४ ऑक्टोबर १९३९ – १६ एप्रिल २०१८). (आडनावाच्या इंग्रजी लेखनावरून ते ‘मॉगर’ असे वाचले जाते, उच्चार मात्र ‘मेजर’.) त्याचे गाव क्राइस्टचर्च. रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज हे विश्वविजेतेही तिथलेच. एका दूरच्या शहराने तीन विश्वविजेते द्यावेत, हे या खेळातील एक नवलच म्हणावे लागेल. १९५७ मध्ये, सतराव्या वर्षी, मेजर पत्नीसह इंग्लंडला आला आणि विम्बल्डनच्या संघाकडे दाखल झाला. तेथे शर्यतींपेक्षा धावपट्टीवरील कष्टाची कामेच अधिक वाट्याला आली, आणि तो मायदेशी परतला. पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये जम बसवून १९६३ मध्ये तो न्यूकॅसलच्या संघात आला, तेव्हापासून त्याची खरी कारकीर्द सुरू झाली. दुसऱ्या खेपेस आलेला मेजर पूर्ण वेगळा होता. यंत्राची तयारी, प्रवासाचे नियोजन, शर्यतीच्या आरंभाचा सराव यांपैकी काहीही त्याने नशिबावर सोडले नाही, आणि त्याचे यश उपजत धाडसापेक्षा या शिस्तीचे अधिक होते, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरू नये.

त्या काळी विश्वविजेतेपद एकाच रात्री ठरत असे. पात्रता फेऱ्यांतून आलेले १६ स्वार, २० शर्यती, प्रत्येकाला पाच संधी. मोटारसायकलीची एक साखळी तुटली की वर्ष फुकट. अशा स्पर्धेत मेजरने १९६८ (गोथेनबर्ग), १९६९ (वेम्ब्ली) आणि १९७० (व्रोत्स्वाफ) अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली, जे त्यापूर्वी कोणालाच जमले नव्हते. व्रोत्स्वाफला तर त्याने १५ पैकी १५ गुण घेतले. तिसरे विजेतेपद मिळाल्यास त्याच्या मोटारसायकलीला सोन्याचा मुलामा देऊ, असे दोन अमेरिकन चाहत्यांनी म्हटले होते व तो शब्द त्यांनी पाळला. ती मोटारसायकल पुढे क्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयात प्रदर्शनात ठेवली गेली. १९७२ मध्ये वेम्ब्लीला स्वीडनच्या बर्न्ट पेर्सनविरुद्धच्या निर्णायक शर्यतीत त्याने चौथे विजेतेपद घेतले. पुढच्याच वर्षी पोलंडमधील खोझूफ येथे तशाच निर्णायक शर्यतीत तो पडला आणि येझी श्चाकिएल हा पोलंडचा पहिला विश्वविजेता ठरला. १९७७ मध्ये गोथेनबर्गला पाचवे आणि १९७९ मध्ये त्याच खोझूफच्या मैदानात, वय चाळिशीला टेकलेले असताना, सहावे विजेतेपद त्याने मिळवले. याखेरीज लांब धावपट्टीवरील जागतिक स्पर्धा त्याने तीनदा जिंकली (१९७१, १९७२, १९७६).

लीगमध्ये न्यूकॅसलनंतर तो मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघात गेला, व त्या संघाने १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे लीग जिंकली. १९७४ मध्ये एक्झेटरलाही त्याच्या उपस्थितीत लीगचे विजेतेपद मिळाले. डेन्मार्कचा ओले ओल्सेन न्यूकॅसलला त्याचा सहकारी होता. त्याच ओल्सेनने १९७१ मध्ये मेजरला मागे टाकून विश्वविजेतेपद घेतले. युरोपात हिवाळा सुरू झाला की मेजर आणि ब्रिग्ज विश्वविजेत्यांचा ताफा घेऊन दक्षिण गोलार्धात दौरे काढत; हंगामाबाहेरचे महिनेही कमाईचे करण्याची ती रीत होती.

१९९५ पासून एका रात्रीच्या अंतिम स्पर्धेऐवजी हंगामभर चालणारी ग्रां प्री मालिका आली. त्यामुळे मेजरच्या सहा विजेतेपदांची इतरांच्या सहांशी तुलना करताना सावधगिरी हवी. स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने आपल्या सहांपैकी पहिले विजेतेपद १९९४ मध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शेवटच्या रात्री मिळवले आणि उरलेली पाच मालिकेत. पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकची सहाही मालिकेतील आहेत. त्यांतील सहावे त्याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रेडी कुर्त्झला अवघ्या एका गुणाने मागे टाकून मिळवले.