लाटेबरोबर पाणी किनाऱ्याकडे वाहत येतं का?

‘लाट दूरवरून पाणी वाहून आणते आणि त्या प्रवाहावर जनित्र फिरतं, म्हणून लाटांपासून वीज हवी तर अवाढव्य प्रकल्पच लागतो,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो. डोळ्यांना तसंच दिसतं, त्यामुळे पटतोही.

खोल समुद्रात पुढे सरकते ती मुख्यतः ऊर्जा. पाण्याचे कण जवळजवळ गोल फिरून आपल्या जागी परततात, अगदी किंचित पुढे सरकतात. खाली जावं तशी ही हालचाल मंदावते: ५० मीटर लांबीच्या (म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत ५० मीटर) लाटेत २५ मीटर खोलीवर ती पृष्ठभागाच्या जेमतेम ४ टक्के उरते. किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटेत मात्र पाणी खरोखर पुढे धावतं; गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा.

पडताळा सोपा आहे. वारा नसताना संथ तळ्यात बूच टाका आणि थोड्या अंतरावर दगड. तरंग पुढे जातात, बूच बहुतेक जागीच वरखाली होतं.

छोट्या जनित्राला हेच डोलणं पुरतं. तरंगत्या बोयामध्ये चुंबक तारेच्या वेटोळ्यातून सरकतो, वीज बॅटरीत साठते. पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरला मोजतानाही फारच थोडी वीज लागते. एरवी तो झोपलेलाच असतो. घरं उजळायची तर गोष्ट वेगळी.